भिंतीवरून आलेला उजेड

"डोळे मिटलेस," मी म्हणाले.

"अगं, तू बटण तरी कुठे दाबलंस अजून?"

"म्हणूनच म्हणते. दाबायच्या आधीच मिटलेस."

कुंदावहिनी हसली आणि पुन्हा नारळ खवायला लागली. सकाळचे आठ वाजले होते. बाहेर श्रावणातलं ढगाळ होतं आणि स्वयंपाकघरात इतका कमी उजेड होता, की कॅमेऱ्यातला उजेड मोजायचा काटा जागचा हलत नव्हता. मी फ्लॅश बंद केला. चार्ज होताना तो डासासारखा बारीक सूर लावायचा आणि मग त्याच्या पाठीवरचा तांबडा दिवा लागायचा. तो सूर कानावर पडला, की वहिनीच्या पापण्या तयारीला लागायच्या.

त्या दिवशी, सोळा ऑगस्ट एक्क्याऐंशीला, आमच्या कऱ्हाडच्या घरी धाकट्या भावजयीचं, रजनीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. मी सत्तावीस वर्षांची होते आणि गावातल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. डोहाळजेवणाला पुरुष नसतात, आणि गावातले फोटोग्राफर सगळे पुरुष. त्यामुळे फोटो काढायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. कॅमेरा माझा स्वतःचा होता, जुना घेतलेला. फ्लॅश मावसभावाने मस्कतहून आणला होता. त्याची मान वळवता यायची. रजनीने नावेतलं डोहाळजेवण निवडलं होतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, हेमंतने, आठवडाभर खपून पुठ्ठ्याची नाव केली होती आणि पुढच्या खोलीत निळ्या कागदाच्या लाटा लावल्या होत्या.

मला मात्र त्या दिवशी रजनीपेक्षा वहिनीचा फोटो हवा होता, आणि हे घरात कोणाला सांगायचं नव्हतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्नाला दहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मिरजेचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. शेवटी दादाने आणि तिने पुण्यातल्या एका संस्थेकडे मूल दत्तक मिळावं म्हणून अर्ज केला. मंजुरी आल्याशिवाय आईला सांगायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. मला सांगितलं, कारण संस्थेच्या पत्रात एक ओळ होती: दोघांचाही अलीकडचा फोटो पाठवावा, नेहमीच्या घरगुती वातावरणातला असावा, शक्यतो स्टुडिओतला नको. महिनाअखेर ही मुदत.

दादाचा फोटो मिळाला. वहिनीचा नव्हता. तिच्या लग्नाच्या आल्बममध्ये एकूणचाळीस फोटो आहेत आणि एकूणचाळीस फोटोंत तिचे डोळे मिटलेले आहेत. पत्रात नको म्हटलेलं असूनही दादा तिला स्टुडिओत घेऊन गेला. तीनदा काढला, तीनदा मिटले. चौथ्यांदा स्टुडिओवाल्याने दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशने डोळे काढून दिले. वहिनीने तो फोटो मला आणून दाखवला.

"हे माझे डोळे नाहीत," ती म्हणाली. "त्याच्या बायकोचे असतील."

आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. मग हसता हसता ती थांबली.

"विनू, त्या संस्थेतल्या बायका फाईल उघडणार. अर्ज नंतर वाचतील, आधी फोटो बघतील. त्यांना वाटलं पाहिजे ना, की हिच्या मांडीवर मूल द्यावं. डोळे मिटलेल्या बाईला कोण देईल?"

मी तिला समजावून सांगितलं होतं. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो. पापणी मिटायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणजे उजेडाने डोळे मिटले, तरी ते फोटोत येणं शक्यच नाही. तोवर फोटो निघून गेलेला असतो. वहिनी उजेडाला डोळे मिटत नव्हती. उजेड येणार, म्हणून मिटत होती.

"म्हणजे मी भित्री," ती म्हणाली.

"म्हणजे तुला न कळता काढला पाहिजे."

"मग मला सांगू नकोस. कधी काढणार, कुठे काढणार, काही सांगू नकोस."

मी आठवडाभर तयारी केली. समोरून टाकलेला फ्लॅश चेहरा पोळपाटासारखा सपाट करतो आणि मागे काळी सावली चिकटवतो. तोच फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला, तर भिंतच दिवा होते. उजेड मऊ होऊन येतो, गालावर उतार धरतो, आणि समोरच्याला आपल्यावर काही रोखलंय असं वाटत नाही. डोहाळजेवणासाठी घराला नुकताच चुना दिलेला होता, ते बरं झालं. फक्त भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यात उजेड बराच वाया जातो. भिंग मोठं उघडावं लागतं, आणि मग अंतर चार बोटं चुकलं तरी चेहरा धूसर येतो. म्हणून मी चूल, ओटा, माजघराचं दार, पुढच्या खोलीचा उंबरा असं सगळं टेपने मोजून जमिनीवर खडूने खुणा केल्या होत्या. आईने त्या पाहिल्या आणि ही कसली रांगोळी म्हणून फडक्याने निम्म्या पुसून टाकल्या. उरलेल्या निम्म्यांवर मला भागवायचं होतं.

चार वाजता बायका यायला लागल्या. रजनी हिरवी साडी, फुलांचे दागिने घालून नावेत बसली आणि हातात पुठ्ठ्याचं वल्हं घेऊन, उलट्या दिशेने वल्हवायला लागली. वाईहून आलेल्या तिच्या आईने तिला सुलट करून दिलं. मी फ्लॅशचं तोंड छताकडे करून फोटो काढत होते. शेजारच्या वत्सलाकाकू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"छताचा फोटो काढतेस का गं? आम्ही खाली आहोत."

"उजेड वरून येतो, काकू."

"मग वरची जळमटंही येतील. सांगून ठेवते."

बायका हसल्या आणि त्या हसण्याचे मला दोन चांगले फोटो मिळाले. पेढा आणि बर्फी दोन वाट्यांत झाकून ठेवली होती. रजनीने एका वाटीवरचं झाकण उचललं, बर्फी निघाली, आणि मुलगी म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेविसाव्या फोटोवर मी थांबले. रोल छत्तीसचा होता.

मग ओटी भरायला सुरुवात झाली. एकेक बाई नाव पुकारलं की उठायची, तांदूळ, खण, नारळ रजनीच्या पदरात घालायची, आणि तिच्या कानात काहीतरी सांगून हसवायची. वहिनी हात पुसत पुढच्या खोलीच्या दारात आली. तिनेही ठेवणीतली साडी नेसली होती. मी खडूच्या खुणेवर उभी होते. अंतर सात फूट. तेवढ्यात आई म्हणाली, कुंदा, बासुंदी खाली लागत नाहीये ना बघ जरा. वहिनी गेली. पाच मिनिटांनी ती पुन्हा आली, तेव्हा पानं पुरतील ना ते मोजायचं होतं. आमच्या घरात कोणी कोणाला नको म्हणत नसे. काम सांगत.

तिसऱ्यांदा ती दारात आलीच नाही. ओटी भरणं संपत आलं होतं, तरी तिचं नाव पुकारलं गेलं नव्हतं, आणि आता पुकारलं जाणार नाही हे मला कळलं. मी तिला शोधायला आत गेले.

माजघरात खिडकीखाली दुपट्यावर वत्सलाकाकूंचा नातू झोपला होता. साडेतीन महिन्यांचा. पुढे गलका फार, म्हणून त्याला तिथे आणून निजवलं होतं. वहिनी त्याच्या शेजारी बसली होती. एका हातात विणलेला पंखा होता, पण तो हलत नव्हता. दुसऱ्या हाताचं बोट त्या बाळाने झोपेत मुठीत धरलं होतं. ती त्याला थोपटत नव्हती, गुणगुणत नव्हती. बोट सोडवूनही घेत नव्हती. नुसती बघत होती. पुढच्या खोलीत बायका डोहाळ्याचं गाणं म्हणत होत्या, आणि त्या गाण्याच्या बाजूला जणू एक वेगळी शांतता मांडून ठेवल्यासारखी ती बसली होती.

फ्लॅश पुढच्या खोलीतच चार्ज झालेला होता, त्यामुळे सूर आला नाही. डावीकडे पांढरी भिंत. मी फ्लॅशची मान तिकडे वळवली. खडूची खूण पुसली गेली होती, पण मला आकडा पाठ होता: साडेपाच फूट. मी दाराशी टेकून कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

माझ्या तऱ्हेच्या कॅमेऱ्यात फोटो निघतो त्या क्षणी आतला आरसा वर जातो आणि डोळ्यासमोर अंधार होतो. जो क्षण टिपला, नेमका तोच टिपणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे वहिनीचे डोळे उघडे होते की नाही, मला कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की सगळी खोली एकदम पांढरी झाली आणि बाळ दचकून रडायला लागलं.

वत्सलाकाकू धावत आल्या. त्यांनी आधी बाळाला उचललं, मग माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"झोपलेल्या लेकराचा फोटो काढलास?"

"काकू, मी वहिनीचा..."

"एवढी शिकलीस, आणि हे माहीत नाही? झोपेतल्या लेकराचा कोणी फोटो काढतं का?" मग त्या वहिनीकडे वळल्या. "आणि तू इथे काय करत होतीस, कुंदा?"

"माश्या वारत होते," वहिनी म्हणाली.

काकूंनी बाळाच्या गालावरची तीट अंगठ्याने पुसली, पदराआड घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या कुठे आहेत ते आईला सापडेना. वहिनीनेच डबा काढून दिला.

जाताना काकूंनी मला बाजूला घेतलं. आवाज आता खाली आला होता. त्यांच्या पहिल्या नातवाचं काय झालं होतं ते साऱ्या आळीला माहीत होतं; हा दुसरा.

"तो फोटो कागदावर येता कामा नये, विनया. मला शब्द दे."

"तुमच्या नातवाचा फोटो कागदावर येणार नाही," मी म्हणाले.

नंतर मी वहिनीचे आणखी पाच फोटो काढले. जेवताना, पानं लावताना, रजनीला विडा देताना. पाचही वेळा पापण्या आधी मिटल्या. आता तिला सारखं कळत होतं.

पुढच्या रविवारी मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाची डार्करूम मागून घेतली. वहिनी रजनीच्या बाळंतविड्याला दोरे आणायचे म्हणून घरातून निघाली आणि माझ्याबरोबर आली. फिल्म मी शनिवारीच धुतली होती. चोविसावी फ्रेम भिंगाखाली धरून पाहिली होती. तिला मात्र काहीच सांगितलं नव्हतं.

तांबड्या दिव्यात ती स्टुलावर अवघडून बसली. मी मोठं करायच्या यंत्रात फिल्म घातली आणि खालच्या फळीवर काळा पुठ्ठा आडवा ठेवला, बाळ होतं तेवढा भाग झाकेल असा. कागदावर उजेड दिला, कागद औषधात सोडला आणि ताटली हलवत राहिले.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"थांब."

आधी केस आले. मग भुवया. मग कपाळावरचं कुंकू, साडीचा काठ. आणि मग, सगळ्यात सावकाश, डोळे.

वहिनी स्टुलावरून उठून ताटलीवर वाकली. तिच्या चेहऱ्याचा तो उतार, भिंतीवरून आलेला उजेड, किंचित उघडे ओठ, सगळं मला हवं होतं तसं आलं होतं. पण मी ज्याची तयारी केली होती ते हे नव्हतं. मी हसरा फोटो धरून चालले होते. हा चेहरा हसत नव्हता. खाली, फोटो संपतो तिथे काहीतरी होतं, आणि ते मागायचंही धाडस न करता हा चेहरा त्याच्याकडे बघत होता.

"ही मी?"

"हो."

"मी अशी बघते?" ती म्हणाली. "हा नको पाठवायला. यात सगळं दिसतंय."

"तेच दिसायला हवंय त्यांना."

"आणि काकूंना शब्द दिलायस त्याचं काय?"

"त्यांच्या नातवाचा फोटो कागदावर येणार नाही म्हणाले होते. कागदावर तो नाहीये."

"तुझं शास्त्र," ती म्हणाली. कौतुकाने म्हणाली की टोचून, ते तांबड्या उजेडात कळलं नाही.

मी फोटो दुसऱ्या औषधात घातला, मग पाण्यात.

"विनू, एक मागू?"

"काय?"

"पुठ्ठा न लावता एक काढ. अख्खा. मी एकदा बघते, इथेच, आणि इथेच फाडून टाकू. कागदावर आला नि गेला."

दहा वर्षांत वहिनीने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. कागद माझ्या हातात होता. काकूंना कधी कळणार नव्हतं. तरी मला तो कागद फळीवर ठेववेना. वत्सलाकाकूंच्या समजुतीवर माझा विश्वास नव्हता. पण त्यांनी शब्द मागताना माझं मनगट धरलं होतं, हे मला आठवत होतं.

"कागदावर नाही," मी म्हणाले.

ती लगेच म्हणाली, बरं. तिला बरं म्हणायची सवयच होती.

मी कागदाचं पाकीट बंद केलं. मग पुठ्ठा बाजूला केला आणि यंत्राचा दिवा लावला.

फळीवर उजेडाचा चौकोन पडला आणि त्यात ते दोघं होते. उलटे, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेले. वहिनीचा चेहरा सावळ्या काचेसारखा आणि केस पांढरेशुभ्र. बाळ काळोखाच्या गाठोड्यासारखं, आणि त्याच्या मुठीत तिचं बोट.

"मी म्हातारी दिसते," वहिनी म्हणाली. तिला ते आवडलेलं दिसलं. "म्हातारी झाल्यावर अशी दिसेन का?"

"अशीच."

तिने हात पुढे केला. मला वाटलं, ती चित्राला बोट लावून बघते आहे. तिने तळहात उलटा करून त्या उजेडाखाली धरला, बाळ होतं नेमकं तिथे. बाळ फळीवरून उठून तिच्या हातावर आलं. हात फळीपेक्षा जरा उंच होता, त्यामुळे ते थोडं धूसर झालं. तिने हात हळूहळू खाली नेला. एका ठिकाणी ते पुन्हा स्पष्ट झालं, तिथे तिने हात थांबवला.

तो दिवा फार वेळ चालू ठेवायचा नसतो. फिल्म तापून वाकते. मी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग पाहणं सोडून दिलं.

घरी मी फोटो टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली ठेवला. तीन दिवसांनी कॉलेजातून आले, तर आई माझ्या टेबलाशी उभी होती आणि फोटो तिच्या हातात होता.

"हिचे डोळे उघडे आहेत," ती म्हणाली.

मी पर्स खाली ठेवली.

"अजून पाठवला नाहीस? महिना संपत आला."

"तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगतंय," आई म्हणाली. फोटो तिने होता तसा टीपकागदात ठेवला, कडा जुळवल्या आणि वर पुस्तक ठेवलं. दारापर्यंत जाऊन ती थांबली. "त्या दिवशी बासुंदी लागत नव्हती," ती म्हणाली आणि आत गेली.

डिसेंबरात संस्थेच्या एक बाई घर बघायला आल्या. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी फाईलमधला फोटो काढला आणि वहिनीला विचारलं, इथे तुम्ही कोणाकडे बघताय? दादाला घाम फुटला. वहिनीने सांगितलं, शेजारचं बाळ होतं, त्याच्या आजीला चालणार नव्हतं म्हणून त्याला वगळलंय. त्या बाईंनी फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि फाईल मिटली. त्यांनी दुसरा फोटो मागितला नाही.

फेब्रुवारीत दादा आणि वहिनी पुण्याहून मुलगी घेऊन आले. साडेतीन महिन्यांची. नाव वहिनीने चारुता ठेवलं. घरी पहिल्या आल्या त्या वत्सलाकाकू, झबलं-टोपडं घेऊन. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं, तीट लावली, आणि हिला झोपेत असताना कोणाला फोटो काढू देऊ नकोस म्हणून वहिनीला बजावलं. वहिनी म्हणाली, नाही देणार.

आणि तिने खरंच नाही दिला. जागेपणीचे मात्र मी शेकडो काढले. चारुता आल्यानंतरच्या एकाही फोटोत वहिनीचे डोळे मिटलेले नाहीत. मी समोरून फ्लॅश टाकूनसुद्धा पाहिला.

वहिनी गेली तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. केस काळेभोर होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि चारुता माजघर आवरत होतो. ती बावीस वर्षांची, इंजिनियरिंग संपवून नुकती नोकरीला लागलेली. आपण या घरात कशा आलो ते तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. तिने वहिनीचा तो फोटो, संस्थेला पाठवला त्याची दुसरी प्रत, भिंतीवरून उतरवला, ओढणीने काच पुसली आणि मांडीवर घेऊन बसली.

"आत्या, हा तू काढलास ना?"

"हो."

"मला आणलं तेव्हाचा ना? कशी बघतेय बघ माझ्याकडे." ती बराच वेळ बघत राहिली. "मी किती दिवसांची होते? आणि मी का नाहीये यात?"

तिने आईला हे कधी विचारलं नसणार. जे दिसतं आहे ते विचारायचं कशाला. मला हो म्हणता आलं असतं. माझ्या कपाटात एका पाकिटात ती चोविसावी फ्रेम होती, अजूनही आहे. तिच्यात दुसऱ्याच कोणाचं तरी बाळ आहे, जे आता बँकेत नोकरी करतं आणि मला रस्त्यात भेटलं की वाकून नमस्कार करतं.

पण मला दुसरंच आठवत होतं. चारुता आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक हिशेब केला होता आणि कोणालाच सांगितला नव्हता. रजनीची मुलगी एकवीस ऑक्टोबरची. चारुताची संस्थेच्या कागदावरची तारीख एकोणतीस ऑक्टोबर. म्हणजे सोळा ऑगस्टला, रजनी पुठ्ठ्याच्या नावेत बसली होती आणि बायका तिची ओटी भरत होत्या त्या दुपारी, कुठल्या तरी गावात आणखी एका बाईला सातवा महिना होता. तिला बहुधा पदराखाली पोट लपवावं लागत असेल. तिची ओटी कोणी भरली नाही. तिच्या पोटात चारुता होती. आणि इथे, याच माजघरात, ओटी भरायला न बोलावलेली माझी वहिनी बसली होती.

"तू थोडी फ्रेमच्या बाहेर होतीस," मी म्हणाले.

"थोडी म्हणजे किती?"

"चौऱ्याहत्तर दिवस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बोटांच्या पेरांवर मागे मोजत गेली. ऑक्टोबर, सप्टेंबर. ऑगस्टला थांबली. आता ती विचारेल, की मग ते बाळ कोणाचं. मी उत्तर तयार ठेवलं.

तिने ते विचारलं नाही. फोटो तिच्या मांडीवर होता. तिने आपला हात उलटा केला आणि फोटोची खालची कड जिथे संपते, तिथे तळहात उघडा धरून ठेवला.